मांडी घालून बसतात का?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. ड्युटी संपवून खाली आले, बिलिंग काउंटरसमोरून बाहेर पडत होते तर एका मुलाने हाक मारली, "ओ मॅडम, तुम्हीच ना वर फिजिओवाल्या?" हातात इंटरिम बिल, चार-पाच पानं स्टेपल केलेली, आणि एका ओळीवर अंगठा दाबून धरलेला. म्हणाला, "हे बघा. बाप माझा बेशुद्ध हाय, त्याला कसला व्यायाम? झोपलेल्या माणसाचं हातपाय वरखाली करायचं पैसं घेत्यात व्हय?" भांडण काढायचं म्हणून बोलत नव्हता तो, आवाजही चढलेला नव्हता. व्हेंटिलेटरचे पैसे त्याला कळत होते, डायलिसिसचे कळत होते, अँटिबायोटिकचं एकेक इंजेक्शन हजारांत जातं तेही त्याने निमूट गिळलं होतं. एवढ्या सगळ्या पानांत त्याला खटकलेली ओळ एकच, आणि ती नेमकी माझी.

मी जे सांगायचं ते सांगितलं, सांधे आखडू नयेत म्हणून करतात, रोज दोनदा करावं लागतं वगैरे. तो "बरं" म्हणाला आणि परत रांगेत जाऊन उभा राहिला.

वाशीहून ठाण्याची ट्रान्स हार्बर पकडली की एरवी मी कानात इयरफोन घालून डोळे मिटून घेते. त्या दिवशी काही डोळा लागेना, मग लोकांचे सांधे बघत बसले. धंद्याची खोड आहे ही, कुठेही गेले तरी सुटत नाही. वरचं हँडल धरून लटकलेल्या मुलीचा खांदा 150 अंशांच्या आसपास गेलेला असतो, तिला त्याचं काही नाही, ती दुसऱ्या हाताने रील बघतेय. तुर्भ्याला चढलेल्या एका बाईने पिशवी दोन पायांत धरली आणि दोन्ही हात मानेमागे नेऊन केसांना क्लिप लावली. हे एवढंसं काम करायला खांदा वर जाऊन बाहेरच्या बाजूला फिरावा लागतो, आणि महिनाभर आयसीयूत काढून आलेल्या बायकांना घरी गेल्यावर हेच जमत नाही, "बाकी सगळं येतं हो, वेणी नाही घालता येत" असं कितीजणींकडून ऐकलंय. दारापाशी एक मावशी मेथी निवडत बसली होती, चालत्या गाडीत, खाली, चक्क मांडी घालून. रबाळ्याला घाईघाईत उठली ती हात न टेकता. मला उगाच भरून आलं. मेथी निवडणाऱ्या बाईच्या गुडघ्याकडे बघून भरून येणारी मी एकटीच असेन त्या डब्यात.

त्या मुलाचे वडील म्हणजे आमचे बेड नंबर सहाचे काका. एपीएमसी मार्केटात माथाडी, कांदा-बटाट्याच्या गोणी पाठीवरून वाहायच्या. मूळचे साताऱ्याकडचे, राहायला कोपरखैरण्याला. जुलैमध्ये पाणी तुंबलं, त्या पाण्यातून ये-जा, पायाला भेगा, पुढचं नवी मुंबईत राहणाऱ्यांना सांगायला नको. ताप अंगावर काढला, गोळ्या घेऊन कामावर गेले, मग डोळे पिवळे झाले आणि दम लागायला लागला तेव्हा आणलं. लेप्टो, म्हणजे तुंबलेल्या पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस. आल्या रात्रीच श्वासासाठी ट्यूब टाकावी लागली, किडनी बसली म्हणून जांघेतून डायलिसिसचा कॅथेटर घातला, बीपी धरत नव्हतं. पहिले दोन दिवस तर आम्हाला त्यांना हातही लावू दिला नाही, आणि बरोबरच होतं ते, नॉरअ‍ॅड (बीपी टिकवायचं औषध) एवढं चालू असताना कुशीवर वळवलं तरी बीपी कोसळतं.

तिसऱ्या दिवशी चार्टवर आरएमओने, म्हणजे वॉर्डातल्या ड्युटी डॉक्टरने लिहिलं, चेस्ट फिजिओ (छातीतला कफ मोकळा करायचा) आणि पॅसिव्ह मूव्हमेंट्स (पेशंटचे हातपाय आम्ही हलवायचे), दिवसातून दोनदा.

आता हे काम असतं कसं ते सांगते, कारण बाहेरून काचेतून बघणाऱ्याला ते खरंच नुसतं वरखाली दिसतं. बेडशी गेल्यावर मी आधी पेशंटला हात लावत नाही. आधी मॉनिटर. पल्स, बीपी, सॅच्युरेशन, सिरिंज पंपावर काय चाललंय, सकाळपेक्षा वाढवलंय का. मग कुठे काय खुपसलंय त्याची उजळणी, मानेत औषधांची सेंट्रल लाइन, डाव्या मनगटात बीपी मोजायची आर्ट लाइन, उजव्या जांघेत कॅथेटर, तोंडात ट्यूब, नाकात पोटापर्यंत जाणारी राइल्स ट्यूब, खाली युरीनची पिशवी बेडच्या कुठल्या बाजूला लटकतेय ते. यातलं एकही ओढलं जाता कामा नये. मग हाताला स्टेरिलियम, ग्लोव्हज, आणि कानाशी वाकून, "काका, उजवा हात उचलतेय हां." उत्तर येणार नसतं, तरी सांगायचं. सुरुवात बोटांपासून. सूज इतकी असते की पेरांवरच्या रेषा दिसत नाहीत, कातडी ताणून चकाकते, एकेक बोट मिटायचं उघडायचं, अंगठा तळव्यापासून लांब न्यायचा. मग मनगट, कोपर. खांद्याला एका हाताने पाठीमागचं फावड्यासारखं हाड धरून दुसऱ्याने दंड वर न्यायचा, कारण बेशुद्ध माणसाचे खांद्याभोवतीचे स्नायू सैल पडलेले असतात, नुसता हात धरून ओढला तर सांधा निखळायची भीती. पायाला गुडघ्याखाली एक हात, टाचेखाली एक. आणि शेवटी घोटा, टाच माझ्या तळहातात, त्यांचा तळपाय माझ्या पुढच्या हाताला टेकलेला, आणि मग हाताच्या नाही तर अंगाच्या भाराने हळूच पुढे झुकायचं की पाऊल वर येतं. एसी एवढा गार असतो, तरी दोन पेशंट झाले की माझी पाठ घामाने भिजते.

आणि प्रत्येक सांध्याच्या टोकाला जाऊन क्षणभर थांबायचं. तिथे हाताला काहीतरी लागतं, आम्ही त्याला एंड फील म्हणतो. कोपर वाकवताना हात दंडाच्या मांसाला टेकून थांबतो ते मऊ लागतं. कोपर सरळ करताना हाडाला हाड लागून थांबतं ते टणक. घोटा वर ढकलताना पोटरी ताणून थांबतो ते चिवट. आखडायला लागलेला सांधा मात्र जिथे थांबायचा त्याच्या अलीकडेच थांबतो, आधी दोन-चार अंश अलीकडे, मग दहा, आणि चांगला जोर लावलात तरी पुढे जात नाही. जोर लावायचाही नसतो. त्या वॉर्डात सगळ्याचा आकडा असतो, श्वासाचा, लघवीचा, साखरेचा, पोटॅशियमचा, आणि आकडा इकडचा तिकडे झाला की काहीतरी बोंबलतं. सांध्यासाठी काहीही बोंबलत नाही. तो गपचूप आखडतो आणि ते फक्त त्याला रोज हात लावणाऱ्यालाच कळतं.

काकांचे तळपाय मला अजून दिसतात. काळपट, जाड, टाचेला बोटाचं पेर जाईल अशा भेगा. पंचवीस-तीस वर्षं पाठीवर गोणी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं-उतरायचं तर पाय तसेच होणार. दुसऱ्या आठवड्यात ते सोलायला लागले. चालणं बंद झालं की तळव्याची जाड कातडी पापुद्रे होऊन निघते, हे मी बऱ्याच पेशंटमध्ये बघितलंय, पण इतकी जाड कातडी निघताना नव्हती बघितली. टाच हातात घेतली की ग्लोव्हजला पापुद्रे चिकटायचे आणि खालून गुलाबी, मऊ, नवीन कातडी. चादर झटकताना आमच्या वॉर्डातल्या मावशी म्हणाल्या, "काकांना फुकटात पेडिक्युअर." सगळे हसले, मीही हसले. आयसीयूत असंच चालतं, बाहेरच्यांना ऐकायला बरं वाटत नाही.

शरीर वापरात नसलं की ते किती पटापट आवरायला घेतं याची लोकांना कल्पना नसते. 2013 साली लंडनच्या काही डॉक्टरांनी आयसीयूतल्या 63 पेशंटच्या मांडीच्या स्नायूची सोनोग्राफी करून मोजमाप छापलं, दहा दिवसांत स्नायूचा आडवा छेद जवळजवळ 18 टक्क्यांनी घटलेला. दहा दिवस! लोकांचं गणपतीचं डेकोरेशन तेवढ्या दिवसांत होत नाही. सांध्याचं गणित वेगळं, पण दिशा तीच. कूर्चेला, म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवर असलेल्या गुळगुळीत थराला, स्वतःची रक्तवाहिनी नसते, सांधा हलला, दाबला गेला, सुटला की आतल्या वंगणातून तिला पोषण मिळतं. हलणंच थांबलं की वंगण फिरत नाही, सांध्याभोवतीची पिशवी आक्रसते, स्नायू ज्या लांबीत पडून आहे तीच आपली लांबी धरून चालतो. कॅनडात 2008 मध्ये एक पाहणी आली होती, आयसीयूत दोन आठवडे किंवा जास्त राहिलेल्या 155 पेशंटची. बाहेर पडताना त्यातल्या 39 टक्के लोकांचा कमीत कमी एक मोठा सांधा आखडलेला होता, आणि 34 टक्क्यांचा तर इतका की रोजच्या कामात अडावं. सगळ्यात जास्त कोपर, त्याखालोखाल घोटा. गुडघा किंवा खांदा असेल असं मला शिकताना वाटायचं, पण कोपर! घास तोंडापर्यंत नेतं ते कोपर.

हे त्या मुलाला काउंटरवर कसं सांगणार होते? त्याला डायलिसिसनंतर क्रिएटिनिन (किडनीचा आकडा) उतरलेलं दाखवता येतं, एक्स-रेत पांढरं कमी झालेलं दाखवता येतं. माझं काम नीट झालं तर दाखवायला काहीच उरत नाही. कोपर काल वाकत होतं, आजही वाकतंय, बस. जे झालं नाही त्याचे पैसे लावतो आम्ही. (आणि त्या ओळीतले सगळे पैसे मला मिळतात असं कोणाला वाटत असेल तर त्याने कधीही येऊन माझी सॅलरी स्लिप बघावी.)

काकूंचं मात्र वेगळं होतं. संध्याकाळच्या व्हिजिटिंगला एकालाच आत सोडतात, बहुतेक वेळा त्याच यायच्या. पहिल्या दिवशी पदराआडून बाटली काढली, "खोबरेल हाय, पाय चोळू का?" तेल नाही चालत म्हटल्यावर बाटली परत पदराआड गेली आणि चेहरा एवढासा झाला. मग मी त्यांना बोटं शिकवली. फक्त बोटं आणि मनगट, तेही उजव्या हाताचं, ज्या बाजूला मनगटात लाइन नव्हती. त्यांनी दोन मिनिटांत उचललं. एकेक बोट असं अलगद धरायच्या की आमच्या इंटर्न मुलींना मी म्हटलं, बघा, शिका. वर्षानुवर्षं भाकरी थापलेला हात, किती जोर कुठे द्यायचा हे त्याला वेगळं सांगावं लागत नाही. एकदा म्हणाल्या, "लेकराला न्हाऊ घालून झालं की असंच करत्यात की आमच्यात, हाताची घडी, पायाची घडी." मी बघतच राहिले. खरंच की! पाटावर बसून पायांवर बाळ घेऊन, तेल जिरवून, मग उजवा हात डाव्या पायाला, डावा उजव्याला, बाळ कोकलत असतं आणि आजी म्हणते झालं झालं झालं. साडेचार वर्षांची डिग्री घेऊन मी जे करते ते त्यांच्या सासूने फुकटात केलं होतं, फक्त ते बाळ रडून सांगू शकत होतं की दुखतंय.

दुखतंय हे न सांगू शकणाऱ्यांबद्दल मला पहिल्यांदा शहाणं केलं ते एका जीबीएसच्या, म्हणजे गियाँ-बारे या नसांच्या आजाराच्या पेशंटने. 2025 च्या जानेवारीत पुण्यात साथ आली तेव्हा फॅमिली ग्रुपवरचे सगळे जीबीएस तज्ज्ञ झाले होते, हा मुलगा त्याच्या बराच आधीचा. ऐरोलीला कुठल्याशा आयटी कंपनीत होता. पायापासून चढत चढत सगळं अंग लुळं पडलं, श्वासाचे स्नायूही गेले, व्हेंटिलेटरवर. पण डोकं शाबूत, सगळं ऐकू येतंय, सगळं कळतंय, फक्त पापणी हलते. आणि त्या आजारात स्पर्शाला, ताणाला दुखतंही भयंकर. महिन्यांनी तो भिंत धरून चालायला लागला तेव्हा एकदा ओपीडीत निवांत बसला होता, सांगायला लागला. कोण सिस्टर गुणगुणते, कोण डॉक्टर त्याच्या उशाशी उभं राहून ठाण्यातल्या फ्लॅटच्या रेटबद्दल बोलतात, सगळं पाठ. मला म्हणाला, "तुमचे हात जाम गार असायचे. आणि डावा खांदा वर नेताना मला ओरडावंसं वाटायचं." मग थोडं थांबून, "एक मॅडम होत्या, त्या एका हाताने फोन धरून दुसऱ्या हाताने माझा पाय हलवायच्या. पाय हवेत आणि त्या नवऱ्याला सांगतायत, दूध घेऊन ये." ती मी नव्हते, पण नाव नको, तीही चांगली मुलगी होती आणि तिला त्या दिवशी अठरा पेशंट होते.

तेव्हापासून हात चोळून गरम करून लावते. आणि बेशुद्ध आहे असं चार्टवर लिहिलेलं असलं तरी त्यावर पूर्ण विश्वास ठेवत नाही.

कॉलेजात आम्हाला एक मॅडम होत्या, त्या लेक्चर अर्धवट सोडून गोष्टी सांगायच्या आणि तेवढंच आता आठवतं. आयसीयू नावाचा प्रकारच मुळात हातांतून सुरू झाला असं त्या म्हणायच्या. 1952, कोपनहेगन, पोलिओची प्रचंड साथ. मुलं श्वास थांबून मरतायत आणि मशीन मोजकी. ब्यॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाने 12 वर्षांच्या एका मुलीच्या गळ्याला छेद घेऊन नळी घातली आणि रबरी पिशवी हाताने दाबून श्वास दिला. जगली ती. मग काय, मेडिकलच्या पोरांना बोलावलं, जवळजवळ 1500 विद्यार्थी, पाळ्या लावून, रात्रंदिवस, आठवडेच्या आठवडे पिशव्या दाबत बसले. मुंबईत केईएमला आपल्याकडची पहिली फिजिओथेरपीची शाळा निघाली तीही त्याच काळात, पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला, आणि तिथेही पोलिओच होता. पिशवी दाबायचं काम पुढे मशीनने घेतलं आणि चांगलंच झालं. हातपायांचं काम अजून मशीनने घेतलेलं नाही, म्हणजे पाय चालवणारी सायकल असते बेडला लावायची, मोठ्या सेंटरमध्ये असते, आमच्याकडे नाही आणि सध्या येण्याची चिन्हंही नाहीत.

आता एक गोष्ट जी आमच्यातले लोक पेशंटसमोर सहसा बोलत नाहीत. पॅसिव्ह मूव्हमेंट्सने सांधे वाचतात याचा ठणठणीत पुरावा आहे का? नाहीये. कॉक्रेन नावाच्या, वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने सगळे अभ्यास एकत्र करून 2017 मध्ये सांगितलं की आखडणाऱ्या सांध्याला आठवडेच्या आठवडे स्ट्रेच देऊनही रेंजमध्ये, म्हणजे सांधा किती हलतो त्यात, म्हणावा तसा फरक पडत नाही. दुसरीकडे 2009 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात 104 पेशंटचा अभ्यास आला, व्हेंटिलेटरवर असतानाच सेडेशन (गुंगीचं औषध) थांबवून पेशंटला स्वतःला हलायला लावलं, बसवलं, तर घरी जाताना आपलं आपण करू शकणारे 59 टक्के निघाले, उशिरा सुरू केलेल्यांत 35. मग सगळीकडे अर्ली मोबिलायझेशनची, म्हणजे पेशंटला लवकर हलवायची लाट आली, आणि 2022 मध्ये 750 पेशंटच्या 'टीम' नावाच्या ट्रायलने तिच्यावर गार पाणी ओतलं, नेहमीपेक्षा जास्त जोर लावून काही जास्त फायदा दिसला नाही, उलट त्रास थोडे वाढले. हे सगळं वाचून मी काय करते? दोन वेळा काकांचे हातपाय हलवते. त्यांच्यात जीव येईपर्यंतची ती राखण आहे असं मी धरून चालते, इलाज नाही. पहिल्या संधीला माणसाने स्वतः स्वतःचं बोट हलवावं, त्या एका बोटाची सर माझ्या दहा बोटांना नाही. पण ती संधी येईपर्यंत सांधा तिथे असला तर पाहिजे ना, आणि शिवाय रोज हात लावल्याशिवाय तो आखडतोय हे कळणार कुठून.

खरं तर माझी ती वीस-वीस मिनिटं सोडून उरलेल्या वेळात सांध्यांचं जास्त बरं-वाईट होतं. पेशंट घसरत घसरत बेडच्या खालच्या टोकाला येतो, पावलं पुढे लटकतात, वर जाड ब्लँकेट, त्याच्या वजनाने बोटं अजून खाली. प्रेमाने गुडघ्याखाली उशी दिलेली असते, तिच्यामुळे गुडघा आणि खुबा वाकलेल्या अवस्थेत चोवीस तास. म्हणून पावलाला स्प्लिंट (पाऊल वर धरून ठेवणारा आधार), गुडघ्याखालची उशी काढ, टाच हवेत राहील अशी घडी पोटरीखाली दे, हात छातीशी मिटलेले राहत असतील तर उघडून ठेव, दर दोन तासांनी कूस बदल. हे मी सांगून निघून जाते आणि करतात सिस्टर आणि मावशी. रात्री दोन पेशंटला एक सिस्टर असेल तर होतं, चारला एक असेल तर कागदावर होतं.

काकांचं सेडेशन उतरलं, गळ्याला ट्रॅकिओस्टॉमी, म्हणजे श्वासनळीला भोक पाडून नळी, झाली, डोळे उघडून बघायला लागले, आणि एका सकाळी आम्ही त्यांना बेडच्या कडेला पाय खाली सोडून बसवलं. चार माणसं लागली, मी समोर, वॉर्डातले मामा पाठीमागे आधाराला, सिस्टर व्हेंटिलेटरच्या नळ्या धरून, आरएमओ मॉनिटरकडे बघत. मान लटपटत होती, पल्स 128 ला गेला, घामाघूम. पण बसले. काचेबाहेर तो मुलगा होता, त्याने मोबाईल वर करून फोटो काढला, आत फोटो काढायला मनाई आहे, सिक्युरिटीवाल्याने बघून न बघितल्यासारखं केलं. बेड खाली घेतला, पावलं जमिनीला लागली. डावं नीट टेकलं. उजव्याची बोटं टेकली, टाच नाही. जांघेत कॅथेटर होता तो हाच पाय, त्याला सगळेच जपून हात लावायचे, शिवाय सूजही त्याच पायाला जास्त. टाच आणि फरशीच्या मध्ये माझं एक बोट जाईल एवढी फट राहत होती.

खांदे चांगले राहिले होते. कोपरं पूर्ण. गुडघे ठीक. पुस्तकाने बघायला गेलं तर उत्तम रिझल्ट. पुढे उभं राहून भार देत, भिंतीशी पोटरी ताणत, चालत, ती फट भरली, काका काठी घेऊन चालत घरी गेले. डिस्चार्जच्या वेळी त्यांनी मला एकच विचारलं, ट्रॅकचं भोक बुजलेलं होतं, आवाज अजून घोगरा, "उकिडवं कधी बसाया येईल?" मला वाटलं कामाचं विचारतायत, गोणी उचलताना बसावं लागतं तसं. काकू मधेच म्हणाल्या, "गावाला परसाकडला खाली बसायचा हाय न्हवं." मग कळलं. टाच टेकवून उकिडवं बसायला घोटा जेवढा वर यावा लागतो त्यापेक्षा चालायला पुष्कळ कमी पुरतो. गुडघ्याचंही तेच. खुर्चीतून उठायला, जिना चढायला 110 पर्यंत वाकला तरी भागतं, म्हणून आमच्या चार्टवर तेवढ्यावर समाधानाचं टिकमार्क पडतं, मांडीला आणि उकिडव्याला तो 130 च्याही पुढे जावा लागतो. आमची मोजमापं ज्यांनी बसवली ते लोक खुर्चीवर जेवायचे. पंगतीत बसणारा, देवापुढे बसणारा, विळीवर भाजी चिरणारा, शेतात बांधावर उकिडवा बसून बिडी ओढणारा माणूस त्यांच्या हिशेबात नव्हता. त्या मुलाने गावाला नेण्याआधी प्लास्टिकची कमोडची खुर्ची घेतली, आणि मला दाखवायला फोटो पाठवला, ही चालंल का मॅडम म्हणून. चालेल म्हटलं. काकांना ती आवडणार नाही हे दोघांनाही माहीत होतं.

हल्ली मी पहिल्याच दिवशी नातेवाइकांना गाठून विचारते, घरी खाली बसतात की खुर्चीवर, मांडी घालून बसतात का, संडास कुठला आहे. पेशंट मरणाच्या दारात आणि ही बाई संडास विचारतेय असं तोंडावर लिहिलेलं असतं लोकांच्या, पण सांगतात. काहीजणांना तर बरंच वाटतं, कारण तोपर्यंत सगळ्यांनी शुगर, बीपी आणि मेडिक्लेमच विचारलेला असतो. उत्तर मी असेसमेंट शीटच्या कोपऱ्यात लिहून ठेवते. इंटर्न हसतात. एका रजिस्ट्रारने राऊंडला ते मोठ्याने वाचून दाखवलं होतं, "रोज दोन तास मांडी घालून पोथी," आणि मग स्वतःच गप्प बसून पुढच्या बेडकडे गेला.

आत्ता जी आजी आहे ना, बेड नंबर दोन, न्यूमोनिया, तिच्या सुनेने सांगितलं की ओटा आहे, मिक्सर आहे, सगळं आहे, पण सासूबाई भाजी खाली बसून विळीवरच चिरतात, सुरीने चिरलेली त्यांना चालत नाही. लिहून घेतलं. आज सकाळी दोन्ही गुडघे पूर्ण वाकले, उजव्या घोट्याला किंचित टाईट लागतंय, सिस्टरला दाखवून ठेवलंय. स्प्लिंटचं माप दिलंय. स्प्लिंटवाला गुरुवारी आणून देतो म्हणाला, म्हणजे शनिवार धरून चालायचं, तोवर रोल केलेली चादर.